ग्रुपवर धर्माबद्दल लिहायच्या आधी एवढं बघा

आमच्या भांडुपच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने रात्री साडेअकराला धर्माबद्दलचा व्हिडिओ टाकला, खाली 'यांना धडा शिकवायलाच पाहिजे', आणि सकाळपर्यंत ए विंग आणि बी विंगमधली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. त्याचं म्हणणं एकच, मी तर नुसतं फॉरवर्ड केलं. त्याच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच हे लिहितेय.

आधी हेतू तपासा. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं जुनं 295अ कलम 1927 सालचं, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 299 झालंय, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. पण त्यात मुद्दाम आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. सुप्रीम कोर्टाने 1957 मध्येच कलम वैध ठरवताना सांगितलं की प्रत्येक अपमान यात येत नाही. म्हणजे टीका करा, बिनधास्त करा! 'रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवा' असं मशिदीला पण लिहा, मंडळाला पण लिहा, तो नियमच आहे. 'ही लोकं असलीच' लिहिलंत की विषय नियमाचा राहत नाही, माणसांचा होतो, आणि दोन समाजांत तेढ वाढवण्याचं 196 कलम तिथेच उभं असतं, त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यम स्पष्ट लिहिलंय. फॉरवर्ड केलं म्हणून सुटका नाही.

कायद्याच्या गैरवापराची दुसरी बाजूही खरी आहे आणि मला तिचा जास्त राग येतो. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या एका साध्या फेसबुक पोस्टसाठी अटक झाली, एकीने तर फक्त लाइक केलं होतं, आणि पोलिसांनी आधी धर्माचंच कलम लावलेलं. त्यानंतर ऑनलाइन लिखाणासाठी अटक करता येणारं आयटी कायद्याचं 66अ कलम कोर्टात गेलं आणि 2015 मध्ये रद्द झालं.

अॅडमिन असाल तर पोस्ट काढा, पण आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. दुसऱ्याच्या मेसेजसाठी निव्वळ अॅडमिन म्हणून तुम्हाला धरता येत नाही, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये तसं म्हटलंय, तुमची मिलीभगत नसेल तर.

आणि पोलिसांचा फोन आला तर घाबरून चॅट उडवू नका. अशा बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत एफआयआरआधी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करून घ्यावी असं सुप्रीम कोर्टाने मार्च 2025 मध्ये सांगितलंय, तर वकिलाला घेऊन जा, नोटीस लेखी मागा, आणि अटक न करता हजर राहायला सांगणारी नोटीस (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 35(3)) हातात आली तर दिलेल्या तारखेला हजर राहा.