ब्रेक नवे टाकले तरी ट्रक थरथरतोय? दोष असा शोधा

झिजलेले पॅड किंवा लायनर बदलले, गाडी रस्त्यावर काढली आणि ब्रेक दाबताच थरथर सुरू झाली, की पहिला संशय नव्या मालावर जातो. डिस्क ‘वाकडी’ निघाली म्हणून लोक ती पुन्हा बदलतात आणि थरथर तशीच राहते. खिशात हात घालण्याआधी पुढच्या क्रमाने तपासा.

आधी गाडी चालवून बघा. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात हलका ब्रेक लावा. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, नुसती सीट हलत असेल तर मागच्या. एअर ब्रेकचं पेडल फक्त व्हॉल्व्ह उघडतं, त्यामुळे तिथे पेडल शांत राहून केबिनच हादरते. कोरड्या रस्त्यावर थांबता थांबता पायाखाली खरखर होत असेल तर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर आणि दातेरी रिंग बघा. ड्रम ठोकून काढताना रिंगला मार बसतो.

आता सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर कधीही नको) आणि चाक काढा. बेअरिंगला खेळ असेल तर आधी तो घालवा, नाहीतर पुढची सगळी मापं चुकतील.

खरी गोम बऱ्याचदा हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर असते. ज्या डिस्क हबवर बाहेरून बसतात, त्या काढून हबचा तोंडाचा भाग बोटाने चाचपा. बोल्टच्या मुळाशी गंजाची पापडी असते, नखाएवढी, नीट न बघितल्यास दिसतही नाही. तिच्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसते, आणि हबवरचा तो फरक डिस्कच्या कडेला दुप्पटही होऊ शकतो. तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. डिस्क बसवून सगळे नट आवळा आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावून फिरवा. हलक्या ट्रकला साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंत डोलणं चालतं; नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. जास्त आलं तर डिस्क एक बोल्ट सरकवून पुन्हा मोजा. एवढ्यानेही फरक पडतो.

जुनीच डिस्क ठेवली असेल तर मायक्रोमीटरने गोलाकार सात-आठ ठिकाणी जाडी मोजा. हायड्रॉलिक (तेलाच्या) ब्रेकचं पेडल ढकलतो तो जाडीतला फरक, आणि मिलिमीटरचे दोन-तीन शतांशही पायाला कळतात. थरथर नव्या डिस्कवर काही हजार किलोमीटरनंतर सुरू झाली असेल, तर तिरकी बसलेली डिस्क एकाच जागी घासत राहिली असं समजा.

ड्रम असेल तर आतला व्यास आडवा-उभा मोजा. लंबगोल झाला असेल तर लेथवर टर्निंग करा, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे गेला तर तो बदलाच.

चाक लावताना नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या) आवळा. हवेच्या गनने एका दमात आवळलेले नट नवी डिस्कही ताणून तिरकी करतात. मग मध्यम वेगावरून दहा-पंधरा वेळा वेग हळूहळू कमी करत नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्या, मध्ये ब्रेकला थंड व्हायला वेळ द्या. गरम ब्रेक दाबून गाडी उभी ठेवू नका, पॅडचा मसाला त्या जागी चिकटतो आणि थरथर परत येते. साधारण १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.