स्टीमवर तुम्ही कधी काय खेळताय हे कोणाकोणाला दिसतंय, एकदा बघून घ्या

माझा भाचा नववीत आहे, स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकत घ्यायच्या आणि खेळायच्या ॲपवर, काउंटर-स्ट्राइक हा गेम खेळतो. मागच्या महिन्यात ताईचा फोन आला, घाबरली होती, कोणी अनोळखी माणूस त्याला मेसेज करत होता की काल रात्री दीड वाजेपर्यंत खेळत होतास ना, सकाळी शाळा नाही का. अकाऊंट हॅक झालं असं तिला वाटलं, पण हॅक वगैरे काही नव्हतं, सगळं त्याच्या प्रोफाइलवरच उघडं होतं.

तर आधी स्वतःच्या नावावर क्लिक करून प्रोफाइल उघडा, मग एडिट प्रोफाइल, तिथे डाव्या बाजूला प्रायव्हसी सेटिंग्ज. वरचं माय प्रोफाइल बहुतेक लोक फ्रेंड्स ओन्ली करतात आणि निघून जातात. तिथे थांबू नका, खालचं गेम डिटेल्स नीट बघा, कारण तुमच्याकडे कुठले गेम आहेत, विशलिस्ट, अचीव्हमेंट्स, किती तास खेळलात आणि आत्ता या क्षणी काय खेळताय हे सगळं त्या एका सेटिंगवर चालतं. हे वेगळं सेटिंग स्टीमने २०१८ च्या एप्रिलमध्ये आणलं. भाच्याने स्टॅट्स दाखवणाऱ्या कुठल्यातरी साइटसाठी ते पब्लिक केलं होतं आणि मग विसरून गेला. अशा साइटला लागत असेल तर तेवढ्यापुरतं पब्लिक करा आणि काम झालं की लगेच परत फ्रेंड्स ओन्ली. तिथेच खेळलेले तास कायम प्रायव्हेट ठेवायचा एक चेकबॉक्स आहे, तोही टिक करा, म्हणजे मित्रांनाही तास दिसत नाहीत.

त्याच पानावर इन्व्हेंटरी आहे, म्हणजे गेममधल्या तुमच्या वस्तूंची यादी. ती पब्लिक असली की महागडे स्किन (गेममधल्या शस्त्रांची सजावट) कोणाकडे आहेत ते फसवणारे लोक आरामात बघतात आणि मग ट्रेडच्या, म्हणजे वस्तूंच्या अदलाबदलीच्या, नावाखाली मेसेज सुरू होतात. त्यामुळे फ्रेंड्स ओन्ली, आणि ट्रेडची लिंक (जिच्यावरून कोणीही तुम्हाला ट्रेडची ऑफर पाठवू शकतो) कधी कुठे चिकटवली असेल तर नवीन लिंक तयार करा, जुनी बंद पडते. फ्रेंड्स लिस्ट आणि प्रोफाइलवरच्या कमेंट्सचंही तसंच करून टाका.

आता जे कुठल्याच सेटिंगने झाकलं जात नाही ते. प्रोफाइलचं नाव आणि फोटो कायम सगळ्यांना दिसतात, अगदी प्रायव्हेट केलं तरी! भाच्याने नावात आडनाव आणि जन्मसाल टाकलं होतं, फोटो शाळेच्या गणवेशातला. दोन्ही बदललं. पण नाव बदललं की जुनी नावं नावाशेजारच्या छोट्या बाणाखाली दिसत राहतात, तीही तिथूनच क्लिअर करा, हे हमखास राहून जातं.

एखादाच गेम लपवायचा असेल तर लायब्ररीत त्यावर राइट क्लिक, मॅनेज, मार्क ॲज प्रायव्हेट. त्याच मेनूत हाइडसुद्धा आहे, त्याने गेम फक्त तुमच्या लायब्ररीतून नजरेआड होतो, मित्रांना दिसायचा तो दिसतोच, लोक इथे फार गोंधळतात. आणि शांतपणे खेळायचं असेल तर फ्रेंड्स लिस्टमध्ये स्टेटस इनव्हिजिबल करा, तरी चॅट करता येतं.

त्या माणसाचं काय केलं? मेसेजचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवले, मग प्रोफाइल रिपोर्ट केलं आणि ब्लॉक केलं. मुलांना एवढं नक्की सांगा की असा मेसेज आला तर उत्तर न देता घरी दाखवायचा, आणि दाखवला म्हणून गेम बंद करू नका, नाहीतर पुढच्या वेळी मूल दाखवणारच नाही. भाच्याने पहिले चार दिवस ताईला सांगितलं नाही ते याच भीतीने, मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गेमिंग कॅफेत खेळत असाल तर स्टीम गार्ड, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डशिवाय मोबाइलवरूनही खात्री करून घेणारी सोय, चालू असायलाच हवं.

सगळं झाल्यावर आपल्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोत, लॉगिन न करता उघडा. तिथे जे दिसेल तेच अनोळखी माणसाला दिसतं. आम्ही उघडलं तेव्हा फक्त नवीन टोपणनाव आणि एका मांजराचा फोटो दिसला, ताईने मग लगेच स्वतःचंही अकाऊंट तपासायला घेतलं.