परसात दालचिनी कशी लावावी, कशी सोलावी आणि कशी वापरावी

दालचिनीच्या नावातच चीन आहे, कारण फारसीत ‘दारचीनी’ म्हणजे चीनचे लाकूड. तरीही पातळ, गोडसर सालीची जी दालचिनी उत्तम मानली जाते, तिचे घर श्रीलंका आहे आणि ती कोकणात व गोव्यात नारळी-पोफळीच्या विरळ सावलीत आनंदाने वाढते. वाण्याकडे दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक, एकाच वेटोळ्याची साल बहुधा कॅशियाची, म्हणजे दालचिनीच्या जवळच्या दुसऱ्या झाडाची असते. अस्सल साल कागदासारखी पातळ असते, एकात एक अनेक वेटोळी असतात आणि ती बोटांनी सहज चुरते.

रोप घेताना दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले ‘कोकण तेज’ हे वाण मागावे. बियांपासून रोपे करायची असतील तर पिकून काळसर-जांभळी झालेली फळे काढावीत, गर धुवावा आणि बी लगेच पेरावे. हे बी साठवणीत टिकत नाही, त्यामुळे ते डब्यात जपून ठेवण्यात अर्थ नाही. साधारण वर्षभराचे रोप पावसाच्या सुरुवातीला लावावे. दोन-दोन फुटांचा खड्डा शेणखत आणि मातीने भरावा व दोन झाडांत किमान २ मीटर अंतर सोडावे. जांभ्याची, उताराची जमीन चालते. पाणी साचणारी मात्र चालत नाही. पहिले दोन उन्हाळे सावली, बुंध्याशी पाचटाचे आच्छादन आणि बेताचे पाणी एवढे सांभाळले की पुढे झाड फारसे मागत नाही.

आता खरे काम. उभ्या झाडाच्या खोडाची साल कधीही सोलू नये. साल चहूबाजूंनी निघाली की मुळांना अन्न पोहोचत नाही आणि झाड वाळते. त्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खोड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावे. बुडातून अनेक फुटवे येतात, त्यांपैकी सरळ असे चार-पाच ठेवून बाकीचे काढावेत. ते अंगठ्याएवढे जाड आणि तपकिरी झाले की कापणीस योग्य होतात. कोवळी पालवी लाल असते, ती हिरवी होईपर्यंत थांबावे. मी एकदा मार्चमध्ये घाई केली, तेव्हा साल लाकडाला अशी चिकटून बसली की सोलण्याऐवजी तासावी लागली. पावसाळा सरता सरता, झाडात रस असताना, एका फुटव्यावर चाकूने चीर देऊन पाहावे. साल सहज सुटली तरच बाकीचे कापावेत.

कापलेल्या दांड्याची वरची करडी, खरखरीत साल बोथट सुरीने खरवडून टाकावी. मग पितळेच्या पळीच्या दांड्याने तो जोर देऊन घासावा, म्हणजे आतली साल सैल होते. वीत-दीड वीत अंतरावर दोन गोल चिरा आणि त्यांना जोडणाऱ्या समोरासमोर दोन उभ्या चिरा द्याव्यात. सुरीचे टोक आत सरकवले की दोन्ही पट्ट्या अखंड सुटतात. त्या एकात एक घालून सावलीत चार-पाच दिवस ठेवाव्यात आणि शेवटी कोवळे ऊन दाखवावे. त्या आपोआप गुंडाळल्या जातात. पाने टाकू नयेत. चुरगळल्यावर त्यांना लवंगेचा वास येतो, कारण पानांच्या तेलात लवंगेतलेच वासाचे द्रव्य, युजेनॉल, असते. भातात किंवा रश्शात एखादे पान तमालपत्राऐवजी चालते.

मसाल्यासाठी दालचिनी मंद आचेवर नुसती गरम करावी, कारण करपली तर मसाला कडवट होतो. सर्दीत घशाला आराम पडावा म्हणून दोन कप पाण्यात बोटाच्या पेराएवढा तुकडा, ठेचलेले आले आणि तीन-चार मिरी घालून पाणी निम्मे होईपर्यंत उकळावे, गाळून चवीपुरता गूळ घालावा.

मधुमेहावर दालचिनीची पूड रोज चमचाभर घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मला पटत नाही. कॅशियात कूमरिन नावाचे नैसर्गिक द्रव्य बरेच असते आणि ते जास्त प्रमाणात यकृताला बाधते. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. अस्सल दालचिनीत ते अगदी नगण्य असते, तरी गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधे घेणाऱ्यांनी स्वयंपाकापुरतीच वापरावी व त्याहून अधिक घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. डोके दुखते म्हणून कपाळावर पुडीचा लेप लावणाऱ्यांनी तो आधी मनगटावर लावून पाहावा, कारण नाजूक कातडी भाजल्यासारखी लाल होते. सालीचे तेल तर थेट अंगाला लावूच नये.