भडंगाच्या पुडीवरचा शिक्का

कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नोकरीला लागून दुसरं वर्ष असेल. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावर एक तेलकट कागद ठेवला. भडंगाच्या पुडीचा. त्यावर अर्थशास्त्राच्या एका त्रैमासिकाचं पान आणि पानाच्या खाली आमच्या कॉलेजचा गोल शिक्का, जांभळ्या शाईत, अगदी ठसठशीत. "मॅडम, हे गाड्यावर कसं गेलं?" सांगलीत भडंग कोण खात नाही? पुडी कुणाच्या तरी हातात पडायचीच. ती नेमकी संस्थेच्या एका संचालकांच्या हातात पडली.

अंक कुणी चोरले नव्हते. मीच रद्दीत घातले होते, तोंडी विचारून. यादी नव्हती, ठराव नव्हता. तुम्ही नुकतेच बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करून एखाद्या कॉलेजात रुजू झाला असाल आणि 'नियतकालिकांची खोली जरा मोकळी करा' असा निरोप आला असेल, तर काय ठेवायचं याच्या आधी कसं टाकायचं ते शिकून घ्या.

सुटा अंक आणि बांधीव खंड (अनेक अंक एकत्र बांधलेले) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुट्या अंकाची नोंद कार्डेक्सवर, म्हणजे अंक आल्याची खूण करायच्या कार्डांवर, असते; तो यादी करून, ग्रंथालय समितीच्या मंजुरीने काढता येतो. बांधीव खंडाला मात्र दाखल क्रमांक पडलेला असतो, म्हणजे तो पुस्तकासारखीच मालमत्ता. त्याचं रीतसर निर्लेखन करावं लागतं: समितीपुढे यादी, ठराव, प्राचार्यांची सही, आणि दाखल नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात ठरावाचा क्रमांक नि तारीख. रद्दीचे पैसे पावतीने कॉलेजच्या खात्यात, चहापाण्यात नाही. आणि जिथे जिथे कॉलेजचा शिक्का आहे तिथे तिथे 'रद्द'चा शिक्का. आमचे परिचर मामा या कामाला कंटाळतात, पण पुडीचा किस्सा त्यांनाही पाठ आहे.

आता काय ठेवायचं.

मी आधी वापर मोजायला घेतला. 'वाचून झालेला अंक टेबलावरच ठेवा' अशी पाटी लावली आणि संध्याकाळी अंक उचलताना मामांनी त्या नावाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एक रेघ मारायची. हे वर्षभर करा. एकाच सत्राचा आकडा फसवा असतो, परीक्षेच्या महिन्यात नियतकालिकांकडे कुणी फिरकत नाही. सगळ्यात जास्त रेघा पडल्या स्पर्धा परीक्षांच्या मासिकांना. एमपीएससीची पोरं नवा अंक पंधरा दिवसांत चिंध्या करतात. रसायनशास्त्राच्या एका महागड्या इंग्रजी जर्नलच्या चिठ्ठीवर वर्षात दोन रेघा, त्यातली एक मामांनी चुकून मारलेली.

रेघा बघून मी स्पर्धा परीक्षांची मासिकं बांधायला पाठवली. शुद्ध वेडेपणा. चालू घडामोडींचा अंक दोन वर्षांत शिळा होतो, तो कापडी बांधणीत घालून कुणासाठी ठेवायचा? त्या पैशात दुसरी प्रत लावली असती तर पोरांची भांडणं तरी मिटली असती. तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत: 'पुढच्या वर्षी वर्गणी भरायची का' आणि 'जुने अंक जपायचे का'. पहिल्याचं उत्तर रेघांवरून मिळतं. दुसऱ्यासाठी मी एवढंच विचारते, की हा अंक आपण टाकला तर सांगलीतल्या माणसाला तो कुठे मिळेल?

'करंट सायन्स' १९३२ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. 'रेझोनन्स' १९९६ पासूनचं, तेही तसंच. 'लोकराज्य', 'योजना' यांचे अलीकडचे अंक पीडीएफमध्ये मिळतात. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे १९६६ पासूनचे अंक जेस्टोर या जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहावर आहेत. आणि नेमक्या याच खंडांनी आमच्या दोन भिंती अडवल्या होत्या. काढायच्या यादीत वीकलीचं नाव बघून अर्थशास्त्राचे एक ज्येष्ठ सर समितीत म्हणाले, "मग कॉलेज तरी कशाला चालवता?" मी गप्प बसले. नंतर विचार केल्यावर सरांचं निम्मं पटलं. जेस्टोर आपल्याला दिसतं ते वार्षिक फी भरलेली असते तोवर. एखाद्या वर्षी बिल अडकलं की भिंतही रिकामी आणि स्क्रीनही रिकामा. म्हणून जे सगळ्यांना फुकट खुलं आहे त्याचे खंड आधी काढा. फीवर चालणाऱ्याचे सावकाश. तेही स्वतः तपासून: प्रत्येक दशकातले तीन अंक उघडायचे, पानं पूर्ण आहेत का, तक्ते वाचता येतात का बघायचं. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे जर्नलं ऑनलाइन पुरवणारी केंद्र सरकारची योजना, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे लगेच 'आता सगळंच टाका' अशी हवा झाली होती. पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा, मग कपाटाला हात लावा.

उलट ज्यांना आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) नाही, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या तक्त्यात ज्यांना रकाना नाही, त्यांना मी हात लावू देत नाही. कॉलेजचे जुने वार्षिक अंक, गावातले दिवाळी अंक, साखर कारखान्यांच्या स्मरणिका, चार वर्षं चालून बंद पडलेलं एखादं अनियतकालिक. दहा वर्षांत कुणी मागितलं नाही तरी चालेल. हे आपल्याकडे नसेल तर बहुतेक कुठेच नाही.

पण ठेवणं म्हणजे नुसतं ठेवणं नव्हे, हे एका संशोधक विद्यार्थिनीने शिकवलं. तिला जुन्या दिवाळी अंकांतल्या हळदीच्या व्यापारी पेढ्यांच्या जाहिराती हव्या होत्या. आमच्याकडे चौदा वर्षांचे अंक होते, छान बांधलेले, आणि एकाही खंडात जाहिरात नव्हती. खंड जाड होऊ नये म्हणून पूर्वीचे बाइंडर मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकत. मासिकांच्या खंडांतून वर्षाअखेरीला येणारं सूचीचं पानही तसंच गेलेलं. मराठी नियतकालिकात शोधायला ती सूचीच तेवढी असते, ती गेली की वाचक एकेक पान उलटत बसतो. आता बाइंडरला मी चिठ्ठीच देते: काहीही कापू नये.

आणि खालचा कप्पा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, तेव्हा आमच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरलं. गुळगुळीत कागदाची मासिकं भिजून विटांसारखी चिकटली, पान सोडवायला गेलं की अक्षरं निघून यायची. साध्या कागदाचे अंक दोरीवर वाळत घातले, ते फुगले पण वाचले. जे निर्लेखन समितीत तीन वर्षं अडलं होतं ते नदीने ठरावाशिवाय उरकलं, फक्त निवड तिची होती. पंचनाम्याला यादी लागली तेव्हा माझी ती दोन रकान्यांची वही कामी आली. स्थानिक अंक तेव्हापासून वरच्या मजल्यावर आहेत.

रद्दीवाल्याला बोलावण्याआधी दुबार अंकांची यादी आसपासच्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत जा. वाईहून निघणाऱ्या 'नवभारत'चा आमचा संच मधे मधे तुटलेला आहे, आणि काही अंक मात्र दोन-दोन. साताऱ्याच्या एका मॅडमना त्यातले तीन हवे होते, त्यांच्याकडे आमच्यात नसलेले दोन होते. आमचे तीन गेल्या सोमवारी एसटी पार्सलने पाठवले. त्यांचं पार्सल अजून आलेलं नाही. मामा रोज संध्याकाळी स्टँडवर चौकशी करून येतात.