कॉन्सेप्ट कार रस्त्यावर येणार की नाही, हे गाडीसमोर उभं राहून कसं ओळखावं

मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये टाटा मोटर्सनं टॅमो रेसमो ही कॉन्सेप्ट कार, म्हणजे नवी कल्पना लोकांसमोर मांडणारी नमुना गाडी, दाखवली. दोन माणसांची, जेमतेम पावणेचार मीटरच्या पुढची गाडी. दारं वर उघडणारी, सीटच्या मागे १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९० पीएस (अश्वशक्ती) ताकद, ६ गिअरची एएमटी, म्हणजे क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा. ० ते १०० सहा सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा. गाडी केवळ मंचापुरती नाही, रस्त्यावर चालवण्यासाठीच आहे, हेही तेव्हा सांगितलं गेलं. पुढे खर्चाचं कारण होऊन प्रकल्प थांबला आणि ज्यांना रेसमो चालवायची होती त्यांच्या वाट्याला ती फोर्झा होरायझन ३ या व्हिडिओ गेमपुरती आली. भारतीय कंपनीनं असं काही करून दाखवावं ही इच्छा बाळगणाऱ्यांना तिची हळहळ अजून आहे, आणि ती रास्त आहे.

पण कॉन्सेप्ट कार बारकाईनं पाहिली तर तिचं पुढे काय होणार, याच्या बऱ्याच खुणा तिच्या अंगावरच असतात. पुढच्या शोला जाताना त्या कशा वाचायच्या, ते इथे दिलं आहे. जीव लावण्याआधी एवढं तपासावं.

आधी सांगाडा कुठला, ते शोधा

रंग, दिवे, दारं सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच: ही गाडी कंपनीच्या चालू प्लॅटफॉर्मवर, म्हणजे आधीच वापरात असलेल्या सांगाड्यावर, बसते का? नवा प्लॅटफॉर्म म्हणजे नव्या चाचण्या, नवे पुरवठादार, कारखान्यात नवी लाइन. एवढा खर्च एका हौशी गाडीसाठी कोणी करत नाही.

प्लॅटफॉर्मचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे व्हीलबेस, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर. कंपनी आकडा देत नसेल तर फोटोवरून काढता येतो.

गाडीच्या बरोबर बाजूला, ८ ते १० मीटर लांब उभे राहा. गर्दीत एवढी जागा मिळत नाही, म्हणून दरवाजे उघडताच पहिल्या अर्ध्या तासात जा. खाली बसून मोबाइल चाकाच्या मध्याच्या उंचीवर धरा आणि २ किंवा ३ पट झूम लावा. जवळून वाइड लेन्सनं काढलेल्या फोटोत जवळचं चाक फुगतं आणि हिशेब पार चुकतो. आता टायरच्या बाजूवरचा आकडा वाचा. समजा तो २३५/४५ आर १८ आहे. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. टायरची बाजू २३५ च्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०६ मिमी, आणि ती वर-खाली दोनदा धरायची. बेरीज ६६९ मिमी. हा झाला टायरचा पूर्ण व्यास. फोटोत तो ३३४ पिक्सेल आणि दोन चाकांच्या मध्यातलं अंतर १२४८ पिक्सेल भरलं, तर व्हीलबेस १२४८ भागिले ३३४ गुणिले ६६९, म्हणजे साधारण २५०० मिमी.

व्यास मागच्या चाकाचा घ्या, कारण शोमध्ये पुढची चाकं बहुतेक वेळा वळवून ठेवतात. आणि आडवा घ्या. उभा घेतलात तर गाडीच्या वजनानं दबलेला टायर कमी भरतो. काही कॉन्सेप्टच्या टायरवर आकडाच नसतो, टायरच हातानं कोरून बनवलेला असतो. तिथे जाहीर केलेल्या रिमवरून मोजावं लागतं, पण लक्षात ठेवा की १८ इंची रिमची बाहेरची कड १९ इंचांच्या आसपास भरते. एवढं करूनही २ ते ३ टक्के चूक राहतेच, म्हणजे ५० ते ७५ मिमी.

मग ताडून पाहा. टियागो २४०० मिमी, पंच २४४५, नेक्सॉन २४९८, अल्ट्रोझ २५०१, हॅरिअर २७४१. टियागो आणि पंच या रीतीनं वेगळ्या काढता येणार नाहीत, पण गाडी हॅरिअरच्या घरातली की नेक्सॉनच्या, हे नक्की कळतं. २०१८ च्या ऑटो एक्स्पोमधल्या एच५एक्स आणि ४५एक्स या दोन्ही कॉन्सेप्ट अनुक्रमे हॅरिअर आणि अल्ट्रोझ होऊन आल्या, कारण दोघींच्या खाली बऱ्याच गाड्यांसाठी आखलेले सांगाडे होते.

रेसमोचा व्हीलबेस २४३० मिमी. आकडा टियागोच्या जवळचा, म्हणून फसायला होतं. पण टियागोचं इंजिन पुढे आणि ताकद पुढच्या चाकांना; रेसमोचं इंजिन सीट आणि मागच्या आसाच्या मध्ये. इंजिनाची जागा बदलली की मजल्याचा पत्रा, पेट्रोलची टाकी, रेडिएटरच्या नळ्या, अपघातात धक्का शोषणारे पुढचे बीम यांतलं काहीच जुन्या गाडीचं चालत नाही. म्हणून व्हीलबेस जुळला तरी इंजिन कुठे आहे ते पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

इंजिनाचा आकडा ओळखीचा आहे का

रेसमोचं इंजिन टाटाच्याच रेव्होट्रॉन घराण्यातलं, ही जमेची बाजू होती. पण त्याच वर्षी बाजारात आलेल्या नेक्सॉनमध्ये १.२ लिटर टर्बो रेव्होट्रॉन ११० पीएस देत होतं. तेवढ्याच आकारातून आणखी ८० पीएस काढायचे तर टर्बो मोठा लागतो, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जास्त दाब सोसणारे लागतात, इंटरकूलरला, म्हणजे टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाला, जास्त हवा लागते. ती हवा मागे बसलेल्या इंजिनाला बाजूच्या खाचांमधूनच मिळणार. मे महिन्यात नागपूरच्या सिग्नलला उभ्या गाडीत ती पुरेल याची खात्री करायला हजारो किलोमीटर चाचणी लागते. त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे कडक निकष लागू होणार हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे बीएस ४ वर बेतलेलं इंजिन दोन-तीन वर्षांत पुन्हा खर्च करून बदलायचं, तेही मोजक्या गाड्यांसाठी.

ठोकताळा असा: जाहीर केलेली ताकद कंपनीच्या चालू इंजिनापेक्षा पाव-एक पटीनं जास्त असेल तर शक्य आहे. दीडपट किंवा पुढे गेली आणि तयार इंजिन बाहेरून विकत घेण्याची भाषाही नसेल, तर सावध व्हा. डीसी अवंतीसुद्धा इंजिन मागे असलेली दोन सीटचीच गाडी, पण तिच्यात रेनोचं तयार २ लिटर टर्बो इंजिन होतं, आणि ती गिऱ्हाइकांपर्यंत पोचली.

आता अंगावरच्या खुणा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. गाडीभोवती एक फेरी मारून या गोष्टी शोधा.

दाराची काच. ही सगळ्यात बोलकी. काच खाली सरकायची तर तिचा बाक वरपासून खालपर्यंत एकसारखा असावा लागतो, आणि तोच बाक पुढे नेला तर तो दाराच्या आत मावायला हवा. काचेच्या लगेच खाली दाराचा पत्रा खोल आत वळला असेल, तर काच जाणार कुठे? अशी गाडी एकतर काच न उघडणारी, नाहीतर दाराचा आकार बदलून येणारी.

मधला खांब. पुढचं आणि मागचं दार समोरासमोर उघडतं आणि मध्ये खांबच नाही, असं दिसलं तर ती दारं येणार नाहीत असं धरून चाला. सीट बेल्टचं वरचं टोक त्या खांबावर असतं आणि बाजूनं बसणारी धडकही तोच झेलतो. भारतात नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून ताशी ५० किमीची बाजूची आणि ताशी ५६ किमीची पुढची धडक चाचणी बंधनकारक आहे.

वर उघडणारी दारं. रेसमोवर ती शोभत होती यात वाद नाही. पण गाडी उलटली तर प्रवासी बाहेर कसे पडणार, पावसाचं पाणी दार उघडताच सीटवर पडणार का, आणि कमी उंचीच्या पार्किंगमध्ये दार पूर्ण उघडेल का, या तिन्हींची उत्तरं पैसे खातात. २०११ ची टाटा पिक्सेल आठवा. नॅनोवर बेतलेली, तशाच वर उघडणाऱ्या दारांची आणि २.६ मीटर त्रिज्येत वळणारी. तीही मंचावरच राहिली.

हेडलाइटची उंची. लो बीमचा दिवा जमिनीपासून किमान ५०० मिमी वर हवा. गुडघ्याशी ताडून पाहा. दिवा गुडघ्याच्या बराच खाली असेल तर तो हलणार, आणि दिवा हलला की बोनेटची रेषाही हलते. वरची बारीक रेघ नुसती डीआरएल (दिवसा लागणारा शोभेचा दिवा) असून खरा दिवा खाली बंपरमध्ये लपवलेला असेल, तर ती जागाही तपासा.

चाक आणि फेंडरमधली फट. कॉन्सेप्टमध्ये टायरच्या वर बोटसुद्धा जात नाही. आपल्या रस्त्यांवरच्या गाडीत सहज तीन-चार बोटं जातात, कारण खड्ड्यात चाक वर यायला जागा लागते. फट नाही, रिम २० इंची, टायर पट्टीसारखा पातळ: हे तिन्ही एकत्र दिसले तर विक्रीची गाडी उंच दिसेल आणि रिम दोन-तीन इंचांनी उतरेल, हे आत्ताच मनाशी ठरवा. अपवाद असतात. महिंद्राच्या बीई.०५ चं रूप बीई ६ मध्ये बरंचसं टिकलं, २० इंची चाकांचा पर्यायही टिकला, कारण ती पहिल्यापासून विकायची म्हणूनच आखलेल्या इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्मवर होती.

छोट्या, कंटाळवाण्या वस्तू. आमच्या मते सर्वात भरवशाची खूण हीच. बंपरवर टो हूकचं (गाडी ओढून नेण्याच्या कडीचं) लहान चौकोनी झाकण, वायपरचा दांडा, काचेवर पाणी उडवणारी नळी, पेट्रोलचं झाकण, मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी, नंबर प्लेटची जागा. मोटारींच्या प्लेटचे दोन आकार असतात, ५०० बाय १२० आणि ३४० बाय २०० मिमी. बंपरवर यांतला एकही मावत नसेल तर बंपर बदलणार. टो हूकचं झाकण मंचाच्या झगमगाटात कोणी हौसेनं लावत नाही. ते दिसलं तर ही गाडी जवळजवळ तयार आहे आणि नावापुरती कॉन्सेप्ट म्हणून उभी केली आहे.

आत डोकावायला मिळालं तर सीट बेल्टचं बक्कल, मधल्या भागात एअरबॅग मावेल एवढं स्टिअरिंग आणि एसीचे झरोके पाहा. एवढं पुरे. आतला बाकीचा देखावा बदलतोच.

पैशाचा हिशेब

समजा डाय (पत्र्याला आकार देणारे साचे), चाचण्या आणि मान्यता मिळून २०० कोटी लागले. ४,००० गाड्या विकल्या तर एकेका गाडीवर ५ लाखांचा बोजा. ४०,००० विकल्या तर ५० हजारांचा. हा हिशेब निव्वळ समजण्यासाठी आहे, पण दोन सीटच्या गाडीचं दुखणं त्यात दिसतं. रेसमोसाठी मोफ्लेक्स नावाची वेगवेगळ्या साहित्यांची सँडविच बांधणी घेतली होती, ती याच कारणानं: कमी संख्येत बनवताना पत्रा दाबायच्या महागड्या डायचा भार हलका व्हावा. विचार बरोबर होता. डायचा खर्च त्यानं कमी होतो, पण इंजिन, चाचण्या आणि विक्रीची व्यवस्था यांचा होत नाही.

आणखी एक पाहायचं, ते प्लॅटफॉर्मचं वय. महिंद्राची एक्सयूव्ही एरो २०१६ च्या एक्स्पोला आली तेव्हा तिच्या खालची एक्सयूव्ही ५०० जवळजवळ साडेचार वर्षांची होती. उतारवयाच्या सांगाड्यावर नवं कूपे (मागे उतरत्या छताचं) शरीर चढवून खर्च वसूल करायला वर्षं कमी उरतात. ती न येण्यात याचा वाटा असणार, असं आम्हाला वाटतं. महिंद्राची कूपे एसयूव्ही शेवटी २०२४ मध्ये एक्सईव्ही ९ई म्हणून आली, तीही नव्या प्लॅटफॉर्मवर.

शो संपल्यावर

दर शुक्रवारी निघणारं पेटंट कार्यालयाचं जर्नल ऑनलाइन मोफत मिळतं. त्यात नोंदलेल्या डिझाइनची चित्रं असतात. कंपनीच्या नावानं शोधा. चित्रात साधे आरसे, मधला खांब आणि नेहमीची दाराची हँडल दिसली तर ते विक्रीच्या गाडीचं चित्र. चित्र मंचावरच्या गाडीचंच असेल तर त्याला फारसा अर्थ नाही, कंपन्या हक्क राखायला तेही नोंदवतात.

दुसरं, रस्त्यावरच्या चाचणीच्या गाड्या. चाकण, भोसरी, लोणावळ्याचा घाट या पट्ट्यात नक्षीदार कापड गुंडाळलेल्या, लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांच्या गाड्या दिसतात. मागे ‘एआरएआय’च्या (गाड्यांची चाचणी घेणाऱ्या पुण्यातल्या संस्थेच्या) चाचणीचा फलकही कधी असतो. कापडाखालचा आकार ओळखू येत नसला तरी चाकांमधलं अंतर लपत नाही. वर दिलेला फोटोचा हिशेब इथेही चालतो. फोटो काढताना गाडीचा पाठलाग करू नका आणि चालवता चालवता तर मोबाइलला हातच लावू नका.

वाट किती पाहायची? एच५एक्स ११ महिन्यांत हॅरिअर झाली. ४५एक्सला अल्ट्रोझ व्हायला २३ महिने लागले, जिनिव्हात मार्च २०१९ मध्ये दिसलेल्या एच२एक्सला पंच व्हायला ३१, आणि २०१४ च्या नेक्सॉन कॉन्सेप्टला तब्बल ४३. म्हणून दोन वर्षं गप्प गेली तरी आशा सोडायचं कारण नाही, मधल्या काळात चाचणीची गाडी दिसत असेल तर. ती दीड वर्षात एकदाही दिसली नाही आणि पुढच्या शोला तीच कॉन्सेप्ट नव्या इंजिनासह, पण तारखेशिवाय परत आली, तर प्रकल्प अडला आहे असं समजा. २०१८ च्या ऑटो एक्स्पोत रेसमो पुन्हा दिसली, सोबत इलेक्ट्रिक रूपही होतं. विक्रीची तारीख मात्र नव्हती.