घरगुती पाणीगाळणी: बाटली कापण्याआधीची तयारी

सर्वात आधी पाणी कुठलं आहे ते बघा. विहिरीचं, ओढ्याचं किंवा पावसाचं साठवलेलं गढूळ पाणी असेल तर प्लास्टिकच्या कापलेल्या बाटलीत कोळसा, वाळू आणि खडीचे थर भरून केलेली ही गाळणी कामाची आहे. पाणी खारं असेल, त्यात फ्लोराइड, आर्सेनिक किंवा नायट्रेट असेल, कारखान्याचं सांडपाणी किंवा शेतातली औषधं त्यात उतरत असतील, तर वाळू-कोळशाच्या भरवशावर राहू नका. पाण्यात विरघळलेलं विष उकळूनही जात नाही. तिथे दुसरं पाणीच शोधावं लागतं.

बाटली दोन लिटरची, पारदर्शक आणि आधी फक्त पिण्याचं पाणी असलेली घ्या. फिनेल, कीटकनाशक किंवा तेलाची बाटली कितीही धुतली तरी नको. बूड कापायला धारदार कात्री आणि कापलेली कड झाकायला चिकटपट्टी लागेल. बाटली उलटी बसेल असं रुंद तोंडाचं स्वच्छ भांडंही शोधून ठेवा. तोंडाला बांधायला जुनं, अनेकदा धुतलेलं सुती कापड आणि दोरा लागेल. वापरून मऊ झालेल्या कापडाची वीण दाट होते, म्हणून नव्यापेक्षा ते बरं. त्याच्या चार घड्या घाला.

खरा वेळ वाळूत जातो, आणि तिथेच लोक घाई करतात. बारीक वाळू एक मिलिमीटरच्या आतली, जाड वाळू दोन-तीन मिलिमीटरची आणि खडी साधारण एक सेंटीमीटरची, हे तिन्ही चाळून वेगवेगळं ठेवा. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. मग बादलीत वाळू घ्या, पाणी ओता, हाताने ढवळा, वरचं गढूळ पाणी ओतून द्या. वरचं पाणी निवळ राहीपर्यंत हे करत राहा. दहा वेळा धुवावं लागलं तरी धुवा. न धुतलेली वाळू पाण्यातला गाळ काढायचं सोडून स्वतःचाच गाळ त्यात सोडते. धुतल्यावर कडक उन्हात वाळवा.

कोळसा लाकडाचाच हवा. दगडी कोळसा अजिबात नको, आणि भुकटीला चिकट माल लावून केलेल्या कोळशाच्या विटाही नकोत. फडक्यात बांधून कुटा, तीन-चार मिलिमीटरचे तुकडे ठेवा, भुकटी चाळून टाका आणि काळं पाणी जाईपर्यंत धुवा. वास आणि थोडा रंग धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. सक्रिय कोळसा (खास प्रक्रिया करून बारीक छिद्रं वाढवलेला कोळसा) मिळाला तर ते जास्त चांगलं होतं.

थर कसे पडणार ते आधीच ठरवा. बाटली उलटी धरली की खाली तोंडाला कापड, त्यावर कोळसा, मग बारीक वाळू, जाड वाळू आणि सगळ्यात वर खडी. बारीक वाळूचा थर सगळ्यात जाड ठेवा. पाणी फार गढूळ असेल तर आदल्या रात्री भांड्यातल्या पाण्यात थोडी तुरटी फिरवा, ते स्थिर ठेवा आणि सकाळी वरचं पाणीच गाळणीत घाला. पहिलं गाळलेलं पाणी काळपट येतं, ते झाडांना घाला.

आणि ही तयारी विसरायची नाही: जंतू मारायची सोय. गाळणीतून काचेसारखं स्वच्छ दिसणारं पाणीही जुलाब लावू शकतं. इंधन असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा, समुद्रसपाटीपासून 2000 मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं. इंधन नसेल तर पारदर्शक बाटल्यांत भरून सहा तास कडक उन्हात आडव्या ठेवा, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. मात्र पाणी निवळ हवं, गढूळ पाण्यातून ऊन आत पोचत नाही. लहान बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर उकळणंच पत्करा.

शेवटी दोन झाकणाची भांडी वेगळी काढा, एक कच्च्या पाण्याचं, एक पिण्याचं, आणि दोन्हींवर ठळक खूण करा. जास्तीची धुतलेली वाळू आणि कोळसा डब्यात भरून ठेवा. धार मंदावली की वरचे थर काढून पुन्हा धुवावे लागतील. पाण्याला वास परत यायला लागला की कोळसा बदलायचा.