किट कारचा क्लच बदलताना या चुका टाळा

कारखान्यात तयार झालेल्या गाडीचा क्लच मागवायचा तर मॉडेल आणि साल सांगितलं की काम होतं. सुटे भाग आणून घरी जोडलेल्या स्पोर्ट्स कारचं, म्हणजे किट कारचं, तसं नाही. लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीच्या गाड्याच घ्या. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा (बऱ्याचदा फोर्डचा टाइप ९), बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधलं, क्लच झाकणारं कवच) तिसऱ्याच कुणी बनवलेलं, आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) जोडणाऱ्याला त्या वेळी जो मिळाला तो. अशा गाडीत बिघडलेला क्लच फार क्वचित निकृष्ट मालामुळे बिघडलेला असतो. बहुतेक वेळा एक भाग दुसऱ्याशी जुळत नसतो.

गाडीच्या नावाने क्लच मागवणं

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारं स्प्रिंगचं कव्हर) ठरते फ्लायव्हीलवरून, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकावरून: बोल्टच्या भोकांचं वर्तुळ आणि डॉवेल पिना (नेमकी जागा धरणाऱ्या खुंट्या) कुठे आहेत त्यावर. क्लच प्लेटचा व्यास प्रेशर प्लेटवरून ठरतो, पण मधल्या हबचे दाते ठरतात गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरून. म्हणजे एकाच प्लेटला दोन वेगवेगळ्या गाड्यांशी जमवून घ्यायचं असतं. जुने भाग काढल्यावर दाते मोजा, शाफ्टचा व्यास व्हर्निअरने घ्या, प्रेशर प्लेटच्या बोटांची (मधल्या स्प्रिंगच्या पात्यांची) उंची लिहून ठेवा आणि मगच ऑर्डर द्या. जुन्या भागांवर कोरलेले नंबर मिळाले तर उत्तमच, पण नवा भाग हातात आल्यावर जुन्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय जुना फेकू नका.

याच ओघात आणखी एक मोह होतो, तो म्हणजे ‘रेसिंग’ क्लचचा. सेव्हनसारखी गाडी पाच-सहाशे किलोंच्या आसपास असते. तेवढ्या वजनाला चांगला साधा ऑरगॅनिक (नेहमीच्या गाड्यांतला) क्लच सहसा पुरतो. जड स्प्रिंगची प्रेशर प्लेट लावलीत तर पेडल दगडासारखं होतं, पातळ पत्र्याचा पेडल बॉक्स वाकतो किंवा तडकतो, आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या) उगाच भार येतो.

काढताना

सेव्हनच्या धाटणीत मधला बोगदा इतका अरुंद असतो की गिअरबॉक्स खालून एकटा निघत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच, पुढून वर उचलून काढावे लागतात. त्या वेळी इंजिनाचं तोंड वर आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली असते, आणि प्रॉपशाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सुटला की तिथून तेल ओघळतं. आधी तेल काढून घ्या आणि गिअर लिव्हरला ‘तेल नाही’ अशी चिठ्ठी बांधा. क्लचच्या हायड्रॉलिक्समधलं ब्रेक ऑइल फायबरच्या बॉडीच्या रंगावर सांडू देऊ नका, ते रंग खातं. क्लचची जुनी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या काळच्या डोनर गाडीच्या (जिचे भाग काढून वापरले तिच्या) प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसा.

उघडलंच आहे तर क्रँकचं मागचं सील, पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारं) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटची बोटं ढकलणारं) नवं टाका. हे भाग स्वस्त आहेत, महाग आहे ते पुन्हा इंजिन उतरवणं. फ्लायव्हीलवर निळसर डाग, बारीक तडे किंवा कडेला पायरी दिसली तर लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या.

प्लेट उलटी बसणं, आणि सुलटी बसूनही अडणं

प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा छापलेली असते. नसेल तर साधारणपणे स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे येतो. पण मिसळीच्या गाडीत छापलेल्या शब्दावर विसंबू नका. प्रेशर प्लेट लावण्याआधी नुसती क्लच प्लेट हाताने फ्लायव्हीलवर दाबून धरा आणि फिरवून बघा. हब फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना घासतोय का? आधीच्या माणसाने उंच डोक्याचे बोल्ट वापरले असतील तर सुलटी प्लेटसुद्धा टेकते. मग पेडल कितीही दाबलं तरी क्लच सुटत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही, आणि लोक तासन्‌तास हायड्रॉलिक्समधली हवा काढत बसतात. ही तपासणी मिनिटाभराची आहे.

नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून लावलेला थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. प्लेट मध्यावर आणायला अलाइनमेंट टूल वापरा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर कव्हर वाकतं आणि पुढे क्लच थरथरतो. टॉर्कचा आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या, किटच्या नव्हे. दात्यांवर ग्रीसचा नुसता हात फिरवा. जास्त झालेलं ग्रीस फिरताना थेट लायनिंगवर, म्हणजे प्लेटच्या घर्षणाच्या अस्तरावर उडतं.

गिअरबॉक्स जोडताना त्याचं वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, हब वाकतो. लांब बोल्टांची डोकी कापून दोन गाइड पिना करा, त्या ब्लॉकमध्ये फिरवा आणि गिअरबॉक्स त्यांवरून सरकवा. शेवटचे दहा-बारा मिलिमीटर राहिले की बोल्ट आवळून ओढून घ्यावंसं वाटतं. तसं करू नका. थांबा, गिअर टाकून मागचा शाफ्ट जरा फिरवा. दाते जुळले की तो हाताच्या जोराने बसतो.

रिलीज बेअरिंगचं अंतर आणि सिलिंडरचं गणित

इनपुट शाफ्टभोवती बसणारा हायड्रॉलिक स्लेव्ह सिलिंडर (मास्टरकडून आलेल्या ऑइलने बेअरिंग ढकलणारा) असेल तर दोन मापं घ्या. बेल हाउसिंगच्या तोंडापासून पूर्ण मागे दाबलेल्या बेअरिंगपर्यंत एक, इंजिन ब्लॉकच्या तोंडापासून प्रेशर प्लेटच्या बोटांच्या टोकांपर्यंत दुसरं. मध्ये पत्र्याची बॅक प्लेट असेल तर तिची जाडी धरायला विसरू नका. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची मोकळीक. ती बेअरिंग बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापात शिम (पातळ चकत्या) घालून आणा. प्लेट झिजते तशी बोटं गिअरबॉक्सकडे सरकतात, त्यामुळे मोकळीक शून्य ठेवलीत तर काही महिन्यांनी क्लच आपोआप अर्धा दाबलेला राहील. गिअरबॉक्स जोडण्याआधी पेडलला पायही लावू नका, नाहीतर स्लेव्हचा पिस्टन बाहेर पडतो.

आता मास्टर. समजा स्लेव्हचं क्षेत्रफळ ८०० चौरस मिमी आहे आणि मास्टरची दांडी २५ मिमी सरकते. मास्टर ०.६२५ इंचाचा असेल तर क्षेत्रफळ सुमारे १९८ चौरस मिमी, म्हणजे बेअरिंग ६.२ मिमी हलेल. ०.७५ इंचाच्या मास्टरने तेच ८.९ मिमी होईल. क्लच सुटायला ८ मिमी लागत असतील तर पहिल्या सिलिंडरने तो कधीच पुरता सुटणार नाही, कितीही वेळा हवा काढा. उलट मास्टर फार मोठा झाला तर पेडल जड होतं आणि बेअरिंग मर्यादेपलीकडे जातं. म्हणून पेडलखाली स्टॉप बोल्ट हवाच. डोनर गाडीत तो पेडल बॉक्सचाच भाग असतो, किटमध्ये पुष्कळदा कुणी लावलेलाच नसतो.

सगळं बंद करण्याआधी

प्रॉपशाफ्ट आणि एक्झॉस्ट लावण्याआधी चाचणी घ्या. गिअर टाका, एकाला पेडल दाबायला सांगा आणि गिअरबॉक्सच्या मागचा शाफ्ट हाताने फिरवा. पेडल दाबल्यावर मोकळा फिरला, सोडल्यावर अडला, तर पुढे जा.

आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी! रबरी माउंटवरच्या इंजिनाला चेसिसशी जोडणारी ही वायर परत लावायची राहिली तर स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने जातो: क्लच केबल, ॲक्सिलरेटरची केबल किंवा स्टीलच्या जाळीचा क्लच पाइप. केबल तापून आतली नळी वितळते आणि दोष नव्या क्लचवर येतो.

तरीही त्रास देत असेल तर

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो पण चालू असताना कुरकुरतो, तर क्लच पुरता सुटत नाही. दोनदा पंप केल्यावर सुधारतो? हवा आहे. सुधारत नाही? बेअरिंगची हालचाल कमी पडतेय किंवा हब वाकलाय. न्यूट्रलवर पेडल हलकेच दाबताच आवाज आला तर रिलीज बेअरिंग बघा. दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. गिअर टाकून, पेडल पूर्ण दाबून उभे असतानाच येत असेल तर पायलट बेअरिंग.

सगळ्यात फसवी तक्रार म्हणजे थंड गाडी उत्तम चालते आणि अर्ध्या तासाने क्लच स्लिप व्हायला लागतो. लगेच प्लेट तेलकट झाली असं समजू नका. आधी स्लेव्हची हवा काढायची निपल जराशी सैल करा. दाबाखाली थोडं ऑइल उडालं आणि स्लिप थांबली, तर मास्टरची दांडी पेडलने कायम किंचित दाबलेली आहे. तापून फुगलेल्या ऑइलला मास्टरच्या टाकीत परतायची वाट मिळत नाही. निपल आवळा, दांडीला पेडलपाशी साधारण एक मिलिमीटर सैलपणा द्या आणि गाडी पुन्हा तापेपर्यंत चालवून बघा.